थांबलेले उड्डाण



१५ जुलै २०१९ रोजी पहाटे ‘चांद्रयान-२’ चे उड्डाण पाहण्यास आम्ही कॅमेरा घेऊन श्रीहरिकोट्यास गेलो होतो. अवघी ५६ मिनिटे उरली असता दोष आढळून उड्डाण थांबविण्यात आले. आम्ही खिन्न मनाने परतलो.

२२ जुलैस पुन्हा गेलो. दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी ज्वाळा दिसली. गर्जना मागाहून आली, कारण ध्वनी प्रकाशाहून मंदगती. आमच्या छायाचित्रात केवळ धूर आला. तरी ते आम्ही भिंतीवर लाविले आहे.

एकदा नापास झालेल्या मुलांना शाळेतून काढून नेणारे पालक आम्ही पाहिले. त्यांना आम्ही अडविले नाही, ही खंत आजही आहे. दोष दूर होताच तेच यान सातच दिवसांनी आकाशात गेले, हे ध्यानात ठेवावे.