घरांच्या जागी क्रीडांगण : लॉस एंजेलिसचा धडा



अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात एका टेकडीवर बेसबॉलचे प्रचंड क्रीडांगण उभे आहे. १० एप्रिल १९६२ रोजी ते खुले झाले. त्यात ५६ हजार प्रेक्षक बसतात. ही जमीन मुळात क्रीडांगणासाठी घेतलीच नव्हती. ती घेतली होती गरिबांच्या घरांसाठी.

चावेझ रॅव्हिन नावाच्या या भागात पालो वेर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. रहिवासी बहुतांशी मेक्सिकन वंशाचे श्रमजीवी होते. शहराच्या अनेक भागांत त्यांना घर विकले जात नसे. म्हणून त्यांनी येथे घरे बांधली, परसात भाज्या लावल्या, कोंबड्या पाळल्या. नगरपालिकेने रस्ते धड केले नाहीत आणि पुढे त्याच रस्त्यांकडे बोट दाखवून वस्ती ‘गलिच्छ’ ठरविली.

गुन्हेगारीचा शिक्काही असाच बसला. जून १९४३ मध्ये गोऱ्या नाविकांनी रस्तोरस्ती मेक्सिकन तरुणांना बदडून काढले. पोलिसांनी अटक केली ती प्रामुख्याने मार खाणाऱ्यांनाच! वृत्तपत्रांनी मात्र ‘मेक्सिकन गुन्हेगारी’चा गवगवा केला. गुन्ह्यांचे आकडे कोण मोजतो आणि कोणाविरुद्ध नोंदवितो, हा प्रश्न आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे, तो यासाठी.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर येथे सार्वजनिक घरांची योजना आखण्यात आली. वास्तुशिल्पी रिचर्ड नॉयट्रा व रॉबर्ट अलेक्झांडर यांच्या आराखड्यात २४ तेरा मजली आणि १६३ दुमजली इमारती होत्या. जुलै १९५० मध्ये रहिवाशांना जागा सोडण्याची पत्रे गेली. नव्या घरांवर पहिला हक्क त्यांचाच, असे आश्वासन मिळाले. बहुतेक कुटुंबे निघून गेली.

तेव्हा जमीनदलाल आणि बडी वृत्तपत्रे खवळून उठली. स्वस्त घर म्हणजे ‘समाजवादाचे संकट’, असा ओरडा झाला. गृहनिर्माण मंडळाचे अधिकारी फ्रँक विल्किन्सन यांना १९५२ मध्ये, ते कोणकोणत्या संघटनांचे सभासद आहेत, असे विचारण्यात आले. त्यांनी उत्तर नाकारले आणि नोकरी गमावली. पुढे अशाच नकाराबद्दल १९६१ साली त्यांना तुरुंगात जावे लागले. १९५३ मध्ये योजनेचे विरोधक नॉरिस पॉल्सन महापौर झाले व योजना गुंडाळली गेली. जमीन ‘सार्वजनिक उपयोगा’च्या अटीवर शहराकडे आली.

हा सार्वजनिक उपयोग कोणता ठरला? ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांना क्रीडांगण हवे होते. ३ जून १९५८ च्या सार्वमतात सुमारे २५ हजारांच्या मताधिक्याने करार मंजूर झाला. ८ मे १९५९ रोजी शेवटच्या कुटुंबांना हुसकावण्यात आले. एका स्त्रीला हातपाय धरून घराबाहेर नेण्यात आले आणि घरांवर बुलडोझर फिरला.

दैवदुर्विलास असा की, ब्रुकलिनमधील संघाचे जुने क्रीडांगण १९६० मध्ये पाडून तेथे निवासी इमारती बांधण्यात आल्या. एका शहरात क्रीडांगणाच्या जागी घरे आली. दुसऱ्यात घरांच्या जागी क्रीडांगण.

वस्ती उठविल्याने गुन्हेगारी नष्ट झाली काय? क्रीडांगण खुले झाल्यावर तीनच वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, त्याच शहरातील वॉट्स भाग पेटला. ३४ माणसे मेली. सरकारी चौकशी आयोगालाही बेकारी आणि निकृष्ट शिक्षण यांकडे बोट दाखवावे लागले. २०२३ च्या गणनेत याच शहरात ४० हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली.

तथापि, सर्व दोष धनिकांवर टाकून थांबणे योग्य नव्हे. घरे बांधू इच्छिणाऱ्या सद्हेतू अधिकाऱ्यांनीही रोगराई आणि बालगुन्हेगारीचे नकाशे दाखवून जिवंत वस्तीला नरक म्हटले. रहिवाशांना विचारले नाही. त्यांनी आधी वस्ती रिकामी केली. बांधकाम पुढे व्हायचे होते. म्हणून योजनेवर हल्ला झाला तेव्हा तिच्या रक्षणाला उभी राहणारी माणसेच तेथे उरली नव्हती. नवे घर हाती येईपर्यंत जुने घर सोडू नये, आणि ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्या संघटनेवाचून ती आखू नये, हाच या टेकडीचा धडा आहे.