लेकरू बोलायला माणूस लागतं

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केली. म्हणून सचिवांनी 'लहान मुलांचं बोलणं' हा विषय मला दिला असावा. तीनच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट आपल्या बोलीची. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात उर्दू आणि पंजाबी. आपल्या भागातली कितीतरी लेकरं दोन-दोन भाषा ऐकत मोठी होतात. दोन भाषांमुळं बोलणं लांबत नाही. अडतं ते दुसरीकडंच. आजीनं 'लेकरा, हिकडं ये' म्हटलं, की आपण लगेच 'कम हिअर' म्हणून दुरुस्त करतो. दोन-चार वेळा असं झालं की आजी गप्प बसते. घरात सगळ्यात जास्त वेळ असलेलं, सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प झालं, तर लेकरानं शिकावं कुणाकडून? इंग्रजी शाळेत येईल. घरात तुम्हाला सहज येते ती भाषा बोला.

दुसरी गोष्ट उत्तर देण्याची. मोबाइल दिवसभर बोलतो, पण लेकराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा जास्त नको. त्याऐवजी काय करायचं? वेगळा वेळ काढायची गरज नाही. तूर निवडताना, कपडे वाळत घालताना बोलत राहा. विचारल्यावर मनात पाच अंक मोजा आणि त्याला बोलायला जागा द्या. ते 'भू' म्हणालं, तर 'हो, भू-भू आला, पळत आला' असं एक-दोन शब्द वाढवून परत द्या. बोबडं बोललं म्हणून हसू नका, चारचौघांत 'म्हणून दाखव' असा आग्रहही नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'याचा बापही उशिराच बोलला होता' म्हणत आपण वेखंड उगाळतो आणि वाट बघतो. साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचं लेकरू 'पाणी दे' असे दोन शब्द जोडतं. तसं होत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, किंवा येणारे शब्द गेले असतील, तर थांबू नका. आधी कान तपासा. ताट पडल्यावर दचकतं म्हणजे सगळं ऐकू येतं, असं नाही. हळू बोलणं निसटत असतं. खरं तर जन्मल्यावर महिन्याच्या आत कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं डॉक्टर सांगतात.

इथं एक गोष्ट मला टोचते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरं तपासतं. बहिरेपण आणि बोलण्यातला उशीरही त्यात बघतात. म्हणजे खेड्यातल्या लेकराची तपासणी होते आणि खासगी नर्सरीत जाणारं आपलं, तिसऱ्या मजल्यावरचं लेकरू राहून जातं. त्याच्यासाठी पथक येणार नाही. आपल्यालाच जिल्हा रुग्णालयात किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जावं लागेल.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. पंचवीस वर्षांत आपण बोअर घेतली, लिफ्ट बसवली. आता दर रविवारी संध्याकाळी हे सभागृह तासभर लेकरांसाठी उघडं ठेवा. आजी-आजोबांनी आपापल्या बोलीत गोष्टी सांगाव्यात, मोबाइल दाराशी ठेवावेत. पहिल्या रविवारी गोष्ट सांगायला मी येते.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.