मणिबेलीहून वॉशिंग्टनला गेलेला कागद

(वसंत व्याख्यानमाला, नंदुरबार)



समाजकार्य आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय एकत्र शिकावेत का, असं मला अलीकडे विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त विचारतात. एमएसडब्ल्यू केलं तर निदान एखाद्या संस्थेत, दवाखान्यात काम मिळेल. त्याला परराष्ट्र धोरणाची जोड देऊन धडगावच्या मुलीनं करायचं काय? प्रश्न रास्त आहे. शिक्षणापायी घरातली बैलजोडी विकावी लागत असेल, तर तो विचारलाच पाहिजे. त्याचं उत्तर शोधायला मी दिल्ली-सिडनीची माहितीपत्रकं चाळणार नाही. ते आपल्या जिल्ह्यातच आहे.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडितात येणार होती. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. १९८५ मध्ये जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, आणि डोंगरातली ही गावं वॉशिंग्टनच्या एका करारात जाऊन बसली. त्या करारात पुनर्वसनाच्या अटी होत्या. गावाला मात्र त्यांचा पत्ता नव्हता.

मेधा पाटकर खोऱ्यात आल्या त्या याच सुमारास. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या समाजकार्य शिकल्या होत्या. त्यांच्या धरणविरोधी आंदोलनाच्या घोषणा, सत्याग्रह, बुडितातल्या मणिबेली गावाचा संघर्ष यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे. मला आज त्यातल्या कागदाच्या कामाकडे लक्ष वेधायचं आहे, कारण शिकण्याजोगं सगळ्यात जास्त तिथे आहे.

नर्मदेकाठच्या एखाद्या पावरा आदिवासी कुटुंबाचा विचार करा. उतारावरची नेवाडाची, म्हणजे जंगल साफ करून केलेली, जमीन आजोबांपासून कसलेली. ज्वारी, मका, उडीद, भगर पिकते. बांधावर मोहाची झाडं, कोणतं कोणाचं ते साऱ्या गावाला माहीत. खाली नदीत मासे, वर जंगलात चारोळी, डिंक आणि घर शाकारायला गवत. आता सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन माणूस येतो. तक्त्यात सातबाऱ्याचा रकाना आहे, आणि सातबारा नाही. मग शेरा पडतो : वनजमिनीवर अतिक्रमण. मोहाला रकाना नाही, माशांना नाही, चाऱ्याला नाही. लवादानं ज्यांची जमीन जाते त्यांना किमान दोन हेक्टर जमीन द्यायला सांगितलं होतं, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरायला सांगितलं होतं. पण ज्याच्याकडे जमीनच नाही असं कागद म्हणतो, त्याला कुठली जमिनीला जमीन?

इथे समाजकार्याचं शिक्षण कामाला येतं. घरोघर बसून, घाई न करता, कोण कुठे कसतं, कधीपासून, मुलगा कोणत्या साली अठरा वर्षांचा झाला, हे लिहून काढायचं. गावासमोर वाचून दाखवायचं. चुकलं तर गाव दुरुस्त करतं. फार कष्टाचं काम आहे ते.

पण तेवढ्यानं भागत नाही. १९५७ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १०७ क्रमांकाचा करार केला. आदिवासी परंपरेनं जी जमीन वापरत आले, तिच्यावर त्यांची मालकी मानावी, एकट्याची किंवा सामूहिक, असं तो करार सांगतो. भारतानं तो १९५८ मध्ये मान्य केला. म्हणजे तक्त्यात जे अतिक्रमण होतं, त्याला आपल्याच देशानं मान्य केलेल्या करारात हक्काचा आधार होता! गावातली घरोघरची नोंद आणि जिनिव्हातला करार एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. दोन विषय एकत्र का शिकायचे, याचं माझ्या लेखी हे सगळ्यात सरळ उत्तर आहे.

पुढे काय झालं? १९८९ मध्ये मेधाताईंनी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. बँकेत ज्याचं भागभांडवल मोठं त्याचं मत मोठं, आणि अमेरिकेचं सगळ्यात मोठं. म्हणून तिथे बोलण्याला वजन होतं. १९९० मध्ये जपाननं आपला निधी थांबवला. १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र आढावा समिती नेमावी लागली. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे प्रमुख. उपाध्यक्ष कॅनडाचे थॉमस बर्जर. त्यांनी सत्तरच्या दशकात मॅकेंझी खोऱ्यातल्या वायूवाहिनीची चौकशी तिथल्या आदिवासींच्या वस्त्यांवर जाऊन केली होती. समितीनं १८ जून १९९२ ला अहवाल दिला : प्रकल्पाचा पायाच सदोष आहे, आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, बँकेनं मागे सरावं. या अहवालानं १०७ व्या कराराचा आधार घेतला होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं.

त्याच वर्षी बँकेनं तक्रार ऐकणारं तपासणी मंडळ स्थापन केलं. त्याच्याकडे पहिली तक्रार गेली ती नेपाळमधल्या अरुण-३ धरणाची, आणि १९९५ मध्ये बँकेनं त्या धरणातून अंग काढून घेतलं. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. पुढे जागतिक धरण आयोग बसला, मेधाताई त्याच्या सदस्य होत्या.

आता यातली कडू बाजूही सांगितली पाहिजे. धरण थांबलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट दिली, पुढे उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ मध्ये लोकार्पण झालं. बँक गेली तेव्हा आनंद झाला, तो साहजिक होता. पण बँकेबरोबर तिची देखरेखही गेली, आणि पुनर्वसनाचा झगडा राज्य सरकारच्या दारात येऊन पडला. बाहेरचा दाब कधी उपयोगी पडतो आणि कधी संपतो, हे नीट शिकलेला कार्यकर्ता आपल्याला हवा. जग आपल्यासाठी धावून येईल या भरवशावर बसणारा नको. म्हणूनच याच खोऱ्यात १९९१-९२ पासून चिमलखेडी-निमगव्हाणला गावांनी आणि आंदोलनानं उभ्या केलेल्या जीवनशाळा, म्हणजे आदिवासी मुलांच्या शाळा, मला वॉशिंग्टनच्या साक्षीइतक्याच मोलाच्या वाटतात.

अभ्यासक्रमांबद्दल माझी तक्रार आहे. समाजकार्याच्या वर्गात व्यक्तिसहाय्य शिकवतात, समुदाय संघटन शिकवतात. कर्जाचा करार कसा वाचावा हे शिकवल्याचं मला आढळलं नाही. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात युद्धं आणि शिखर परिषदा असतात, गाव नसतं. खरं तर या दोन्हींचं नातं जुनं आहे. शिकागोत १८८९ साली हल हाऊस ही समाजकार्याची संस्था काढणाऱ्या जेन ॲडम्स यांना १९३१ चं शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे टाटा संस्थेचं समाजकार्याचं शिक्षण १९३६ मध्ये उभं केलं ते क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन माणसानं.

आणि गरज संपलेली नाही. वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेपुढे उद्या कुणी कार्बन क्रेडिटचा करार घेऊन आलं, तर तो वाचणार कोण? करार इंग्रजीत, सरकारी अर्ज मराठीत आणि ग्रामसभा पावरीत किंवा भिलोरीत. या तिन्ही पायऱ्या चढउतार करू शकेल असं माणूस दिल्लीत तयार होत नाही. ते अक्राणीत जन्मलेलं आहे, त्याला फक्त शिकवायचं आहे.

सोय आता झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला मुभा दिली. उदाहरणार्थ, एक महाविद्यालयात जाऊन, दुसरी दूरशिक्षणानं. मात्र माझा सल्ला असा, की आधी समाजकार्य पक्कं करा. क्षेत्रकार्यात दोन पावसाळे काढल्यावर करारातलं कलम वेगळं दिसतं.

इथल्या महाविद्यालयांना एक विनंती. मोर्स समितीच्या अहवालात महाराष्ट्रातल्या गावांवर जे आहे, ते मराठीत आणि पावरीत सांगता येईल असं करून घ्या. मग विद्यार्थ्यांना घेऊन तळोद्याकडच्या वसाहतींत आणि काठावर उरलेल्या पाड्यांत जा, आणि तेव्हाचे जाणते स्त्रीपुरुष त्यावर काय म्हणतात ते लिहून आणा. ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. क्षेत्रकार्य दिवाळीनंतर ठेवू नका. तेव्हा निम्मं गाव गुजरातेत मजुरीला गेलेलं असतं. होळीला माणसं परत येतात, तेव्हा ठेवा.