केसपेपरवर नसलेला आवाज



अध्यक्षाने वर्षभरातल्या नव्या औषधांचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ते काम पुढच्या सत्रातले वक्ते माझ्यापेक्षा चांगलं करतील. मी गावातल्या आवाजाबद्दल बोलणार आहे.

1877 साली जुनी गिरणी उभी राहिली, त्याच्याही आधीपासून सोलापूर मागावर पोट भरतंय. गिरण्या बंद पडल्या, पण आवाज थांबला नाही. तो पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत, काही ठिकाणी तर राहत्या घरांत शिरला. धोट्याचा माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा फेकतो. वर पत्रा, बाजूला मोकळ्या भिंती. आवाज बाहेर जाणार कुठून? अशा कारखान्यात 90 डेसिबल ओलांडणं नेहमीचंच. कारखान्यांसाठीचे नियम 90 डेसिबलला आठ तास देतात, 100 ला फक्त दोन. आणि आपल्या मागवाल्याची पाळी अनेकदा बारा तासांची असते.

यातून बहिरेपण येतं, हे आपण शिकलो आहोत. हृदयाचं काय? मोठा आवाज मेंदू धोका म्हणून वाचतो. अॅड्रिनालिन, कॉर्टिसॉल वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. ‘सवय झाली, डॉक्टर’ असं पेशंट सांगतो, पण बऱ्याचदा ते कान गेल्याचं लक्षण असतं.

बीजिंगच्या एका कापड गिरणीतल्या 1101 कामगार स्त्रियांचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. (चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या गावाला चीन परका नसावा.) आवाज जितका जास्त, तितकं उच्च रक्तदाबाचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. पण आवाजाचा क्रमांक तिसरा होता. त्याच्या आधी घराण्यातला रक्तदाब आणि जेवणातलं मीठ. मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. सगळं खापर मागावर फोडण्याची सोय तो ठेवत नाही. अमेरिकेतल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या कामगारांमधल्या उच्च रक्तदाबाचा 14 टक्के वाटा कामाच्या जागच्या आवाजाकडे दिला. हृदयविकाराशी थेट संबंध सांगणारा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. उकाडा, रात्रपाळी, तंबाखू, मिश्री हे सगळं एकाच माणसात गुंतलेलं असतं. शिवाय आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम केल्याने पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी वाढतो, हा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 चा अंदाज आहेच.

मग आपण काय करतो? शेंगा चटणी कमी करा म्हणतो, गोळी लिहून देतो. केसपेपरवर ‘मजुरी’ असा एक शब्द पडतो. धोट्याचा माग की बिनधोट्याचा रॅपिअर, किती माग सांभाळतो, रात्री झोपतो त्या खोलीपलीकडे माग चालू असतो का, यातलं काहीच नाही. बीपीही मोजतो ते शांत खोलीत, पाच मिनिटं बसवून. पाळीच्या अकराव्या तासाला ते किती असतं, हे आपल्यापर्यंत येतच नाही.

कानात बोळे घाला, हा सल्ला सोपा आहे. पण विणकर मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. त्यात सोलापूरचा मे महिना. घामाने बोळे टिकत नाहीत. आणि अर्धी पाळी ते काढून ठेवले, तर चांगल्यातल्या चांगल्या बोळ्यांचा फायदा जेमतेम 3 डेसिबल उरतो. त्यापेक्षा मालकांशी बोलावं: झिजलेले भाग वेळेवर बदला, ढिले बोल्ट आवळा, छताखाली आवाज शोषणारं काही लावा. हे खर्चाचं आहे, मला ठाऊक आहे. चादरीच्या धंद्यात नफा किती उरतो, तेही तुम्हा सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून आज मागतो ते कमी खर्चाचं. पूर्व भागात दवाखाना असलेल्यांनी वर्षभर मागवाल्यांच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहाव्यात: मागाचा प्रकार, रोजचे तास, एकूण वर्षं. जमेल त्यांनी परवानगी घेऊन पाळी संपताना कारखान्यातच बीपी मोजावं. कारखान्याचं नाव कुठेही येऊ देऊ नये, नाहीतर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. डेसिबल मीटरचा खर्च मी करतो. नावं चहाच्या सुट्टीत माझ्याकडे द्या.