होडी शाकारताना: पाऊस बाहेर, वारा आत



कोकणात खाडीकाठच्या गावांत भातशेती आणि मासेमारी एकाच घरात चालते. पेरणीची गडबड आणि होडी वर ओढायची गडबड एकदमच येते. मग होडीवर घाईघाईने प्लॅस्टिकचा कागद टाकायचा, दोरीने आवळायचा आणि शेताकडे वळायचे, असे पुष्कळ ठिकाणी होते. नारळी पौर्णिमेला कागद काढला की आत बुरशीचा वास येतो, फळीत नख सहज रुतते. मग ऐन हंगामाच्या तोंडावर सुतार शोधायचा आणि लाकडासाठी पैसा उभा करायचा. हे टाळता येते.

वर्षभर खाऱ्या पाण्यात राहणारी होडी पावसाने कशी कुजेल, असे काहीजण विचारतात. त्याचे कारण असे की खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. गोडे पाणी मानवते. लाकडातला ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला तर ही बुरशी वाढत नाही. आता होडी चहूबाजूंनी गच्च आवळली, तर आतल्या ओलीची वाफ होते, ती कागदाला खालून लागते आणि थेंब होऊन पुन्हा फळ्यांवर पडते. वरून थेंबही गळला नाही, तरी होडी आतून कुजते. म्हणून आच्छादनाची कामे दोन: पाऊस अडवणे आणि वारा खेळता ठेवणे.

घर शाकारताना आपण पाखे उतरती ठेवतो. होडीचेही तसेच करावे.

१. वेळ : तारखेवर विसंबू नये. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. मे महिन्याच्या मध्यालाच तयारी ठेवावी.

२. सफाई : होडी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी. जाळी, दोर, फळकुटे बाहेर काढावीत. मग चार-पाच दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवावी. कडक उन्हात ठेवल्यास फळ्यांचे सांधे उघडतात. काजूच्या टरफलांचे तेल लावायचे असल्यास लाकूड पुरते सुकल्यावरच लावावे. ओल्या लाकडावर लावले तर ओल आतच कोंडते. हे तेल कातडीला भाजते, तेव्हा हात जपावेत.

३. बैठक : होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर, ओंडक्यांवर ठेवावी. भार दोन टोकांवर न येता सगळ्या तळावर सारखा यावा. नाळ थोडी उंच ठेवावी आणि मागच्या बाजूचे बूच काढून ठेवावे. चुकून पाणी आत गेले तरी साचणार नाही.

४. आढे : हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. होडीच्या मधोमध लांबीभर बांबूचे आढे उभारावे आणि दोन्ही बाजूंना कामट्या सोडाव्यात. ताडपत्री सैल पडून खड्डा झाला तर काय होते पाहा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभरापेक्षाही कमी, म्हणजे १० सेंटीमीटर खोल डबक्यात १०० लिटर पाणी मावते. एका क्विंटलचे हे ओझे! ताडपत्री फाटते नाहीतर कामट्या मोडतात. उतार चांगला असेल तर डबके होतच नाही.

५. आच्छादन : माडाचे झाप असोत की ताडपत्री, ती लाकडावर थेट टेकू देऊ नये. कडा होडीच्या काठाखाली हातभर उतराव्यात. दोन्ही टोकांना वाऱ्यासाठी वाट ठेवावी, मात्र तिथे वळचण पुढे काढावी म्हणजे झड आत जाणार नाही. दोरी जिथे घासते तिथे गोणपाटाची घडी घालावी.

६. बांधणी : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते आपण विसरलेलो नाही. दोर होडीच्या तळाखालून घेऊन दोन्ही बाजूंना बांधावेत. होडी जवळच्या भक्कम खुंटाला वेगळी बांधावी.

फायबरची होडी कुजत नाही, म्हणून तिला आच्छादन नको असे समजू नये. यंत्र बसवण्याच्या जागी पुष्कळदा आत लाकूड असते. तिथे पाणी शिरले तर तेही कुजते. बाहेर बसवायचे यंत्र काढून, गोड्या पाण्याने धुऊन घरात ठेवावे.

एकदा झाकली म्हणजे झाले, असेही नाही. आठवड्यातून एकदा फेरी मारावी. दोर ताणावेत, डबके दिसल्यास खालून काठीने उचलून पाणी सांडावे, आत हात घालून फळी चाचपावी. उघडीप मिळाली की एक बाजू वर करून तासभर वारा द्यावा. भाताचे बांध पाहायला आपण जातोच; येता-येता होडीकडे वळावे.

थोडक्यात लक्षात ठेवा : सुकवून झाका, उतार द्या, वारा खेळता ठेवा आणि फेरी चुकवू नका. बांबू, सुंभ आणि दोन माणसांची दिवसभराची मेहनत, एवढ्यात तुमची होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरायला तयार राहील.