गाडग्यातली नाणी

मंडळी, परवा वर्ग सुटता सुटता एका शेतकरी भावाने खिशातून काळपट तांब्याचा तुकडा काढला आणि आमच्या हातावर ठेवला. "नांगरताना मिळाला. मोडीत देऊ का?" त्याने विचारले. आम्ही म्हटले, "अगोदर वाचून तर बघा!" त्याने कंदिलाजवळ धरून एकेक अक्षर जुळवले. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. ती शिवराई होती. शिवाजी महाराजांनी सुरू केलेली आणि पुढे पेशवाईतही चाललेली. गडी असा हरखला म्हणता! म्हणून आजचा विषय हाच घेतला आहे.

जमिनीतली नाणी शोधण्याचा विलायतेत लोकांना छंदच आहे. सुटीच्या दिवशी माणसे काठी घेऊन निघतात. काठीच्या टोकाला थाळी असते, थाळीत तारेचे वेटोळे. त्यातून वीज सोडली की थाळीभोवती चुंबकाचा जोर तयार होतो. खाली धातू असला, की त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात, यंत्राला त्यांची चाहूल लागते आणि कानाशी आवाज येतो. बहुतेक वेळा निघते काय, तर बाटलीचे बूच नाहीतर गंजका खिळा! तिथेही सार्वजनिक बागेत वाटेल तिथे उकरता येत नाही. बाग ज्या नगरपालिकेची, तिची परवानगी लागते. कोणाचे शेत असेल, तर त्या मालकाची.

1992 साली इंग्लंडात हॉक्स्ने नावाच्या गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधायला एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र असले यंत्र घेऊन गेला. आवाज आला, उकरले, तर सोन्याचांदीची नाणी आणि चमचे! थोडे काढल्यावर तो थांबला. शेतमालकाला आणि पोलिसांना त्याने कळवले. आम्हाला कौतुक वाटते ते त्याच्या थांबण्याचे. दुसऱ्या दिवशी जाणती माणसे आली. त्यांनी हलक्या हाताने माती काढली, म्हणून तर कळले की ऐवज लाकडी पेटीत होता, आत लहान पेट्या होत्या, त्यांना चांदीची इवलीशी कुलुपे होती. सुमारे 15 हजार नाणी निघाली, दीड हजार वर्षांपूर्वीची. बक्षीस साडेसतरा लाख पौंड! ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली बरं का. ती आता लंडनच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडेही असे घडले आहे. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती. सगळी नहपान राजाची. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. म्हणजे काय? एका राजाने दुसऱ्याला हरवले आणि त्याच्याच नाण्यांवर आपली खूण उमटवली. कोणी ती नाणी वितळवली असती, तर चांदी तेवढी मिळाली असती. हा पुरावा मात्र गेला असता.

"पण सरकारला सांगितलं की सगळं जातं!" असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. 1878 सालचा कायदा आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज मिळाला, तर कलेक्टरला लेखी कळवायचे. काय मिळाले, कुठे, कोणत्या दिवशी, एवढेच लिहायचे. आता तुम्हाला लिहिता येते! मालक कोणी निघाला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनवाल्याचा. सरकारला ऐवज हवा असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन ते घेते. लपवले तर मात्र वाटाही जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. किल्ल्यावर, लेण्यांपाशी यंत्र घेऊन उकरायला तर जाऊच नका. तिथे बिनपरवाना खणणे गुन्हा आहे.

आणखी एक. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. मातीसकट कागदात गुंडाळून ठेवा.

हे आम्ही शहाणपणाने सांगतो, पण आमच्या घरी काय झाले तेही ऐका. आमच्या मामांच्या शेतात विहीर खणताना एक गाडगे फुटले. रुपेरी नाणी सांडली. कोणी म्हणाले, धनावर नाग असतो. कोणी म्हणाले, बोलू नका, पाटील येईल. रातोरात वाटण्या झाल्या. आठवड्यात सगळे सोनाराच्या मुशीत गेले. मामींनी एकच नाणे देव्हाऱ्यात ठेवले आणि दर दिवाळीला ते चिंचेने लख्ख केले. पुढे आम्ही शिकलो, ते हातात घेऊन पाहिले. कोणत्या राजाचे म्हणून उलटसुलट केले, भिंगाखाली धरले. दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत. एकही अक्षर उरलेले नाही.