काचेच्या टाकीतला दर्या



आम्ही मालवण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. दहा जणी आहोत. दर्या आमच्या दारात आहे, पण तो घरात आणून सांभाळायचा कसा, ते शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहोत.

समुद्री शोभेच्या माशांना शहरात मागणी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर बायका शोभेची कोळंबी वाढवतात, हे आम्ही ऐकलं होतं. आपणही करू, असं ठरलं. पण धंद्यासाठी कर्ज काढण्याआधी एक छोटी टाकी लावून बघू, असा ठराव केला आणि बचतीतून पैसे घेतले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ती एका ताईच्या ओटीवर ठेवली. पाणी भरलं, मीठ घातलं आणि तिसऱ्या दिवशी चार क्लाऊन मासे आणून सोडले. नारिंगी रंग, त्यावर पांढरे पट्टे. अख्खी वाडी बघायला आली.

आठ दिवसांत चारही मासे मेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

त्या महिन्याच्या बैठकीत फार बोलाचाली झाली. जिच्या घरी टाकी होती, तिच्यावर सगळा दोष आला. "तू भरून दे," असं एक जण म्हणाली. ती ताई रडत उठून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्या घरी गेलो, तिला परत आणलं आणि ठरवलं, आधी कारण शोधायचं, हिशेब मग बघू.

मत्स्य विषयाच्या जाणकारांना विचारलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "टाकी पिकवली होती का?" आम्हाला तो शब्दच ठाऊक नव्हता.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाला विष असतो. काही चांगले जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य असतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. दुधाला विरजण लावून थांबावं लागतं, तसं इथे चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाकायचं, पंप आणि गाळणी चालू ठेवायची आणि तपासणी संचाने पाणी बघत राहायचं. अमोनिया वर चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट वर चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर आली की मासा आणायचा. म्हणजे मासे ताईमुळे मेले नव्हते, आम्हा दहाही जणींच्या घाईमुळे मेले. तसं आम्ही इतिवृत्तात लिहिलं आणि नुकसान सगळ्यांनी वाटून घेतलं.

दुसऱ्या वेळी केलं ते असं. जेवणातलं मीठ चालत नाही, मत्स्यालयाचं समुद्री मीठ आणलं. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला पावणेदोन किलो. क्षारता मोजायला हायड्रोमीटर घेतला, आकडा १.०२३ ते १.०२५ च्या मध्ये ठेवला. खाडीचं पाणी आम्ही वापरलं नाही, कारण पावसात ते गोडं होतं. विहिरीत टीसीएल पावडर पडते, तिचा क्लोरीन माशाला मारतो, म्हणून आरओचं पाणी घेतलं.

टाकी छोटी म्हणजे काम सोपं, असं आम्हाला वाटलं होतं. उलट आहे. पाणी थोडं असलं की ते लवकर बिघडतं. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून काचेवर पातळीची खूण केली आणि रोज तेवढं गोडं पाणी घालतो. खारं पाणी घालायचं ते फक्त पाणी बदलताना, आठवड्याला दहावा हिस्सा.

आणखी काही गोष्टी. तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत घालू नका, कोळंबी आणि गोगलगाय तांब्याने मरतात. साबणाचा हात पाण्यात घालू नका. टाकीजवळ डासांची फवारणी करू नका. लाईट जाते, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा. टाकीवर ऊन येऊ देऊ नका.

आणि समुद्रातून प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासे घेताना हॅचरीत जन्मलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे.

आता आमच्या टाकीत दोनच मासे आहेत, चौदा महिने झाले. या माशांची एक गंमत सांगतो. हे सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा असतो तो मादी होतो आणि घरात तिचंच चालतं. मादी मेली तर नर तिची जागा घेतो. गेल्या महिन्यात मादीने कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली आणि नर आठवडाभर पंखांनी त्यांना वारा घालत राहिला. आमच्यातली एक म्हातारी काकी म्हणाली, "बघा गो, बापयानं पोरं सांभाळलीहत!"

पिल्लं जगली नाहीत. त्यांना वेगळी टाकी आणि डोळ्यांना न दिसण्याएवढं बारीक जिवंत खाणं लागतं. ते आम्ही आता शिकतोय. कर्जाचा अर्ज अजून भरलेला नाही. पिल्लांची एक खेप आमच्या हातून वाढली की भरू. तुम्हीही कुठलाही नवा धंदा करताना आधी एक टाकी लावा, एक वर्ष सांभाळा आणि मग बँकेत जा.

टाकी अजून त्याच ताईच्या ओटीवर आहे. चावीही तिच्याचकडे आहे.